एकोच्या तोंडी आलं

जयपुरात गोष्टींना तोटा नाही. इथला कुठलाही ऑटोवाला एका राणीची, एका बावडीची आणि एका भुताची गोष्ट सांगतो, आणि सिग्नल लांबला तर तिन्ही एकत्र कालवून सांगतो. अशा गावात हस्तकलेचं प्रदर्शन भरवायचं तर विषय काय घ्यावा? ग्रीक पुराणं. राजा पार्कात गॅलरी चालवणाऱ्या बाईंना हे सुचलं, आणि सुचल्याबरोबर त्यांनी गावातल्या कारागीर मंडळींना चहाला बोलावलं. "लोकल हाथ, ग्लोबल कहानी," असं त्या म्हणाल्या. लोकल हाथ म्हणजे आम्ही. डोकी बहुधा बाहेरून मागवणार होते.

मुरलीपुऱ्याहून दोनदा ऑटो बदलून मी पोचले तोवर चहा निवला होता आणि देव संपले होते. केसांत साप असलेली बाई चांदीचे दागिने घडवणाऱ्यानं घेतली होती. हात लावील त्याचं सोनं करणारा राजा एका जवाहिऱ्याच्या मुलीकडे गेला होता. दुसरीकडे जाताच कुठे? निळी भांडी करणाऱ्यानं समुद्राचा देव उचलला होता. उरली होती एकटी एको, म्हणजे प्रतिध्वनी. तिला कुणी हात लावला नव्हता, कारण तिला शरीरच नाही. शरीर नाही म्हणजे फोटो नाही, आणि ज्याचा फोटो निघत नाही ते प्रदर्शनात मांडून कुणाचं भलं होणार?

"आप तो बुक बनाती हैं ना, एको आपके लिए परफेक्ट है," गॅलरीच्या बाई म्हणाल्या. "और मराठी में कीजिए. बहुत रॉ लगेगा."

रॉ म्हणजे कच्चं. माझी मातृभाषा लोकांना कच्ची लागणार आणि त्यासाठीच ती हवी होती. एरवी मी अशा ठिकाणी काहीतरी खोचक बोलते आणि मग महिनाभर घरी बसते. त्या दिवशी मुकाट्यानं हो म्हटलं. त्याला कारण माझी आई.

मी पुस्तकं करते, पण त्यांत काही नसतं. सांगानेरचा हातकागद, मेण लावलेला दोरा, छापील कापडाचा पुठ्ठा, आणि आत कोरी पानं. परदेशी पाहुणे ती वही उराशी धरून नेतात, तिच्यात काही लिहायला त्यांचा हात धजत नाही, आणि पुढच्या वर्षी दुसरी घेऊन जातात. माझा धंदा लोकांच्या या भिडस्तपणावर चालतो. आई मात्र पंचवीस वर्षं एकच प्रश्न विचारत आलीय. मी नवी वही शिवून तिच्या हातात दिली की ती पालथी करून बघते, शिलाई ओढून बघते, "झ्याक झालंय" म्हणते, मग उघडते आणि विचारते, "पर आत काय हाय?"

"काही नाही, आई. कोरी आहे."

"आता गं बाई. मग पुस्तक कशाला म्हनायचं? नुसता डबा की."

आता तिच्या डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय. डॉक्टरांनी सांगितलं, मोठी अक्षरं दिसताहेत तोवर वाचून घ्या. घरात मोठ्या अक्षरांचं म्हणाल तर एक कॅलेंडर होतं. ते ती रोज वाचायची, मागच्या बाजूच्या पाककृतींसकट. तिची नजर आहे तोवर मी केलेलं एकतरी पुस्तक तिला वाचता यावं, असं माझ्या मनात घर करून बसलं होतं. ग्रीसची पोरगी तर ग्रीसची.

आई कोल्हापूरकडची, कागलच्या पलीकडची. वडील रेल्वेत होते, बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच निवृत्त झाले. आमच्यासारखी रेल्वेतली, फौजेतली मराठी घरं इथे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक घर आपापल्या जिल्ह्याची मराठी ट्रंकेत घालून घेऊन आलेलं आहे. कोल्हापूरकडे बायका "मी आलो, मी जातो, मी करतो" असंच म्हणतात. बाईनं 'आले' म्हणायचं आणि पुरुषानं 'आलो', ही विभागणी पुस्तकातली. आमच्याकडे यायचं काम दोघं सारखंच करतात, म्हणून शब्दही एकच.

मी शाळेत होते तेव्हा आई मला घेऊन एका घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली होती. दारात चपला काढता काढता ती म्हणाली, "आलो गं बाई, जरा उशीर झाला." आतून यजमानीणबाई म्हणाल्या, "बघा गं, कोण पुरुष आलाय दारात!" हसू पिकलं. सगळ्यांच्या हातात तिळगूळ, तोंडात 'गोड गोड बोला', आणि हसून हसून एकीच्या डोळ्यांत पाणी आलेलं. आईसुद्धा हसली. वाण घेतलं, कुंकू लावून घेतलं, घरी आली, आणि त्यानंतर घराबाहेर तिची मराठी बंद झाली ती झालीच. मराठी माणूस भेटला की ती "हो", "नाही", "बरं", "छान" एवढ्यावर भागवते. या शब्दांना बाई-पुरुष काही नसतं. अगदीच वेळ आली तर हिंदीत बोलते, आणि तिची हिंदी भाजीवाल्याच्या गाडीपुढे कधी गेलेली नाही. वडील होते तोवर घरात तिच्याशी तिच्या भाषेत भांडणारं एक माणूस होतं. आता मी आहे, आणि मी तिच्याइतकं चांगलं भांडत नाही.

तर एको. तिची गोष्ट मी आईला स्वयंपाकघरात सांगितली. देवांचा राजा बाहेर उद्योग करत असतो. त्याच्या बायकोला पत्ता लागू नये म्हणून ही पोरगी तिला गप्पांत गुंतवून ठेवते. बायकोच्या हे लक्षात येतं आणि ती पोरीला शाप देते: यापुढे तुला स्वतःचं काही बोलता येणार नाही, समोरच्याचे शेवटचे शब्द तेवढे बोलशील.

"आणि नवऱ्याला?" आईनं विचारलं.

"त्याला काही नाही."

"न्हाईच व्हनार," आई म्हणाली आणि भाकरी उलटली. ग्रीक पुराणांवर यापेक्षा नेमकं भाष्य मी ऐकलेलं नाही, आणि गॅलरीतल्या भिंतीवर तर मुळीच वाचलेलं नाही.

पुढे त्या पोरीचा एका देखण्या तरुणावर जीव जडतो, नार्सिसस त्याचं नाव. तो रानात वाट चुकतो, हाका मारतो, आणि ही झाडांआडून त्याच्याच शब्दांची शेपटं त्याला परत देते. तो तिला झिडकारतो. झुरून झुरून तिचं शरीर जातं आणि आवाज उरतो. आईनं त्याचं नाव नरसू ठेवलं आणि पहिल्या भेटीतच त्याच्यावर फुली मारली.

पुस्तकाची रचना मला लगेच सुचली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. डावीकडे जाड कागदावर नार्सिससचं वाक्य. त्यावर पडणारं पुढचं पान पातळ, पलीकडचं दिसणारं, आणि त्यावर एकोचा शब्द, बरोबर त्याच्या शेवटच्या शब्दावर बसणारा. पान मिटलं की दोघांचा शब्द एक. पान उलटलं की तिचा वेगळा. पुढे पुढे तिचा कागद आणखी पातळ होत जाणार, शेवटी कांद्याच्या सालीइतका. अक्षर मात्र शेवटपर्यंत मोठंच राहणार. गॅलरीच्या बाई म्हणाल्या, "लेकिन एको तो फेड होती है ना? फॉन्ट छोटा होना चाहिए." मी म्हटलं, कागद फेड होतोय, अक्षर होणार नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "वाह, बोल्ड चॉइस." माझ्या आईला बारीक अक्षर दिसत नाही, याला कलेच्या भाषेत बोल्ड चॉइस म्हणतात.

आता लिहायला बसले, आणि घोडं पेंड खायला लागलं. नार्सिसस म्हणतो, "घाबरू नकोस, मी आलो." एकोनं काय म्हणायचं? शापाप्रमाणे "आलो". पण ती बाई. पुस्तकी मराठीत तिनं "आले" म्हणायला हवं. "आले" म्हटलं तर शाप मोडला, कारण हा त्याचा शब्द नव्हे. "आलो" म्हटलं तर वाचणारा म्हणणार, छपाईची चूक. हिंदीतही तीच गत: तो म्हणणार "आया" आणि ती म्हणणार "आया". गॅलरीच्या बाईंना मी हे फोनवर समजावलं. त्या म्हणाल्या, "इंग्लिश में तो यह प्रॉब्लम ही नहीं है. इंग्लिश कर लें?" खरंच आहे. इंग्रजीत बाई आली काय आणि बुवा आला काय, क्रियापदाला सोयरसुतक नाही. पण मग आईनं काय वाचायचं?

काही दिवस मी नुसती चिडचिड केली. वाक्यं बदलून बघितली, नार्सिससला क्रियापदच नसलेली वाक्यं दिली. तो बिचारा तार केल्यासारखा बोलायला लागला. एका संध्याकाळी वैतागून चहा टाकला आणि गच्चीवर वाळवण गोळा करत असलेल्या आईला हाक मारली, "आई, चहा झालाय, ये."

वरून आवाज आला, "आलो!"

मी कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. घरात दिवसातून दहा वेळा ऐकू येणारा शब्द ग्रीसला जाऊन शोधत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. एको कोल्हापूरची केली की शाप शाबूत, बाईपण शाबूत, आणि व्याकरणसुद्धा शाबूत, फक्त पुण्याचं नव्हे. आई जिना उतरून आली तेव्हा मला रडू येत होतं. तिनं विचारलं, "काय झालं गं? दूध नासलं काय?"

मग मजकूर भराभर झाला. नार्सिसस म्हणतो, "मी वाट चुकलो," एको म्हणते, "चुकलो." तो म्हणतो, "इथेच थांबतो," ती म्हणते, "थांबतो." तो "मी आलो," ती "आलो." शेवटी तो म्हणतो, "तुला सोडून मी निघालो," आणि ती, "निघालो." 'एकटा' हा शब्द मात्र मला काढावा लागला, कारण कोल्हापुरातसुद्धा बाई 'एकटा' नसते, एकटीच असते. आईला मी यातलं काही सांगितलं नाही. तयार झालेलंच तिच्या हातात द्यायचं ठरवलं होतं.

मुरलीपुऱ्यातच एका गाळ्यात अक्षरजुळणी आणि स्क्रीन प्रिंटिंग करणारे एक भैया आहेत. त्यांनी पहिल्याच झटक्यात माझे सगळे 'ळ' काढून 'ल' केले. "मैडम, यह वाला ल आपसे उल्टा टाइप हो गया था, मैंने सीधा कर दिया." मी एकेक 'ळ' परत उलटा करून घेतला. हे होणारच होतं, याची मला सवय आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यावरसुद्धा आमच्या गावाचा 'ळ' सरळ झालेला आहे.

पण खरा घाव दुसरीकडून यायचा होता. गॅलरीच्या बाईंना वाटलं की परक्या भाषेचा मामला आहे, कुणा जाणकाराकडून तपासून घ्यावं. त्यांच्या ओळखीत एक निवृत्त मराठी गृहस्थ होते. गावातल्या प्रत्येक गणपतीत प्रास्ताविक करतात आणि आभारही स्वतःच मानतात, मध्ये कार्यक्रमाला वेळ उरला तर उरतो. त्यांनी मजकूर मनापासून तपासला. नार्सिससला हात लावला नाही, कारण पुरुषाचं बरोबर होतं. एकोला मात्र नखशिखांत शुद्ध केलं: चुकले, थांबते, आले, निघाले. खाली शेरा: "स्त्रीच्या तोंडी पुल्लिंगी रूपे! बोलीचा अतिरेक टाळावा." आणि माझा वेळ वाचावा म्हणून गॅलरीच्या बाईंनी ते शुद्ध झालेलं परस्पर प्रिंटिंगवाल्या भैयांकडे पाठवून दिलं. मी तेव्हा कागद आणायला सांगानेरला गेले होते. इतिहासात 'ध'चा 'मा' झाला त्यात निदान कुणाचा तरी डाव होता. इथे 'लो'चा 'ले' निव्वळ सद्भावनेनं झाला, आणि सद्भावनेवर फिर्यादही करता येत नाही.

मला कळलं ते छापलेली पातळ पानं घरी आणली तेव्हा. गठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवून मी हात धुवायला गेले. परत येते तो आईनं वरचं पान उचललेलं, खिडकीच्या उजेडात नाकाजवळ धरलेलं. अख्ख्या पानावर एकच शब्द, हातभर मोठा.

"आले," आईनं वाचलं. थोडा वेळ विचार केला. "आल्याचं काय?"

"काय?"

"ह्ये बघ की. आले. आलं लिवलंय. चहात घालायचं आलं." तिनं पान उलटून मागे बघितलं, तिथे लसूण असेल या आशेनं. "त्या पोरीला आलं कशाला पायजे? घसा बसलाय व्हय तिचा?"

मी पान हिसकावून घेतलं, बाकीची चाळली आणि मग ज्या शब्दांत बोलले ते शब्द शुद्ध होते की नाही हे त्या गृहस्थांनी तपासायला हरकत नव्हती. रानात वाट चुकलेला देखणा पुरुष म्हणतो, मी आलो, आणि प्रेमानं व्याकूळ झालेली वनदेवी झाडाआडून उत्तर देते, अद्रक. तेही शुद्ध मराठीत.

गॅलरीच्या बाईंना फोन करून मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "जिंजर... अच्छा. पर वह भी तो रूट है ना? ज़मीन के नीचे. एको भी एक तरह से..." मी फोन ठेवला. काही माणसांना खड्ड्यात ढकललं तरी ती तिथल्या मातीचा पोत चांगला आहे म्हणतात.

पुन्हा छापायला वेळ नव्हता आणि तो कांद्याच्या सालीसारखा कागदही शिल्लक नव्हता. मी डोक्याला हात लावून बसले. नाइलाजानं एक पातळ पान नार्सिससच्या पानावर ठेवून बघितलं. वरती तिचं 'आले', आणि त्याच्या पुढे, कागदातून, त्याच्या 'आलो'चा काना अंधूक दिसत होता. एकच उभी रेघ. मी पुढचं पान ठेवलं: 'थांबते', आणि पुढे कान्याची सावली. 'चुकले', सावली. 'निघाले', सावली. त्या गृहस्थांनी एकोचं जे काही काढून घेतलं होतं ते सगळ्या पानांवर सारखंच होतं, एक काना. आणि प्रत्येक ठिकाणी खालून तो दिसत होता.

मी काळा रंग कालवला, बारीक ब्रश घेतला, शिरोरेघ जराशी पुढे ओढली आणि त्या सावलीवरून काना खाली उतरवला. आलो. मात्रा थोडी मागे राहिली, तिला हलवता येत नव्हतं, पण वाचायला अडचण नव्हती. थोड्याच प्रती होत्या. मी एकेक पान करत गेले.

आई शेजारी येऊन बसली. "काय कराय लागलीस?"

मग मला सांगावंच लागलं. एको कशी बोलते, त्या गृहस्थांनी काय केलं, मी काय करतेय. आईनं सगळं ऐकून घेतलं. तिचा चेहरा संक्रांतीच्या त्या दिवशीचा तिळगूळ खाल्ल्यासारखा झाला होता. मला भीती वाटली की ती उठून जाईल. मी हे पुस्तक तिच्यासाठी करत होते आणि तिला वाटत असणार की तिचं हसं झालं ते आता मी छापून राजा पार्कात मांडतेय. तसं तिनं म्हटलं असतं तर मी पानं तशीच ठेवली असती, आल्यासकट.

ती म्हणाली, "एक मला दे की."

मी तिला 'आले'चं पान दिलं. ब्रश दिला. खालची सावली तिला दिसत नव्हती, म्हणून मी तिचं बोट 'ले'च्या पुढे नेऊन ठेवलं. एके काळी ती दारात हात न उचलता लांबलचक रांगोळीच्या रेघा ओढायची. आता काना वरून निघाला सरळ, मध्ये उजवीकडे कलला आणि खाली शिरोरेघेच्या दुप्पट जाडीचा होऊन थांबला. ते पान मी प्रदर्शनाच्या प्रतीत शिवलं. गॅलरीच्या बाईंना दाखवलं तेव्हा त्या हळवेपणानं म्हणाल्या, "यही तो है हैंडमेड."

उद्घाटनाला आई येणार नव्हती. गुडघे, ऊन, ऑटोतले धक्के, सगळी कारणं सांगून झाली. "तिथं मराठी लोकं असत्याल," हे शेवटी म्हणाली, आणि तेच खरं होतं. मी म्हटलं, पुस्तक एकदा तिथून गेलं की कुणाकडे जाईल ठाऊक नाही, बघायचं तर आजच. ती साडी बदलून आली. ऑटोत तिनं माझा हात धरून ठेवला होता.

गॅलरीत केसांतल्या सापांची कर्णफुलं होती, समुद्रदेवाची बरणी होती, आणि माझं पुस्तक एका उंच चौरंगावर, शेजारी पांढरे हातमोजे. हात न लावता हस्तकला बघण्याची ही सोय. एका फलकावर माझं काम थोडक्यात लिहिलं होतं आणि त्याखाली जाड अक्षरांत 'भाषा सल्लागार' म्हणून त्या गृहस्थांचा उल्लेख होता. त्यांनी चारपाच मराठी कुटुंबं सोबत आणली होती. आईनं सगळ्यांना "नमस्ते जी" केलं. एका बाईंनी मराठीत विचारलं, बरं आहे ना, तर म्हणाली, "हो. छान."

तिनं हातमोजे बाजूला सारले आणि पुस्तक उघडलं. नाक पानाला टेकेल इतकी वाकून ती ओठांतल्या ओठांत वाचत गेली, एकेक पान, नरसूची वाक्यं घाईनं आणि पोरीची सावकाश. मी शेजारी उभी होते, तिचा एक हात अजून माझ्या हातात होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझं पुस्तक उघडलं होतं आणि आत काय आहे हे विचारलं नव्हतं.

ती 'आलो'पाशी पोचली तेव्हा गृहस्थ आले. बरोबरची मंडळी मागे होती. त्यांनी पानाकडे बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं.

"अरेरे," ते म्हणाले. "हे काय झालं? मी सगळं शुद्ध करून दिलं होतं हो. कुणीतरी काने घुसडलेत. हा तर बघा, केवढा वाकडा!" मग माझ्या आईकडे वळून, वडीलधाऱ्या बाईला समजावतात तशा सुरात, "आजी, तुमच्या मुलीनं मेहनत घेतलीय, पण स्त्रीच्या तोंडी 'आलो'? लोक हसतील ना. चुकलंय हे."

मागे कुणीतरी हसलंच. माझ्या जिभेवर आठदहा वाक्यं एकदम आली आणि मी त्यातलं सर्वांत वाईट निवडत होते.

आईनं पानावरून तोंड वर केलं. तिला त्यांचा चेहरा नीट दिसत नसणार, म्हणून ती त्यांच्या आवाजाच्या दिशेला वळली. माझा हात तिनं सोडला.

"चुकलं न्हाई," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, गच्चीवरून बोलते तशी. कर्णफुलांपाशी उभी असलेली माणसंसुद्धा वळली. "ह्यो काना मी काढलाय. ती पोरगी तशीच बोलती. मी बी तशीच बोलतो."

कुणी हसलं नाही. गृहस्थांनी चष्मा खाली घेतला.

"ऐकाय येतंय न्हवं?" आईनं विचारलं.

"येतंय," ते म्हणाले.